काय मोडावं ते आधी ठरवा

प्रस्तावना

एकास सोळा प्रमाणाचा रणगाडा म्हणजे खऱ्या रणगाड्याची लांबी, रुंदी, चाकं, ट्रॅक, तोफेची नळी, सगळं सोळा पट लहान. वाळू मात्र सोळा पट लहान होत नाही. वाळवंटातल्या टेकाडावरचा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. खऱ्या रणगाड्याच्या चाकाच्या दृष्टीने ती धूळ. मॉडेलच्या चाकाला मात्र तोच कण चार मिलिमीटरच्या खडीइतका मोठा. पुण्यात किंवा ठाण्यात घरातल्या फरशीवर नि सोसायटीच्या गच्चीवर वर्षानुवर्षं बिनतक्रार धावलेलं मॉडेल सौदी अरेबियातल्या अल खोबरला आलं की सुटीच्या काही शुक्रवारांतच खरखरू लागतं, त्याचं निम्मं कारण या हिशेबात आहे. उरलेलं निम्मं कारण इथल्या उन्हात, आखाताकाठच्या दमट हवेत आणि आपण सुटे भाग कसे निवडतो यात सापडतं.

ही पुस्तिका त्या निवडीबद्दल आहे. ती लिहिताना डोळ्यांसमोर होती ती जुबैल, दम्माम, खोबर, रियाध, यांबू आणि जेद्दा इथे नोकरीनिमित्त राहणारी मराठी मंडळी. त्यांतली बरीच रिफायनरी, पेट्रोकेमिकल, वीजनिर्मिती किंवा खाऱ्या पाण्याचं गोडं पाणी करणाऱ्या प्रकल्पांत काम करतात. आठवडाभर पंपांच्या सीलची आणि कॉम्प्रेसरच्या बेअरिंगांची काळजी वाहणारा माणूस सुटीच्या दिवशी पुन्हा बेअरिंगच हातात घेऊन का बसतो, याचं उत्तर त्याच्या घरच्यांना अजून मिळालेलं नाही. माझ्याही घरी मिळालेलं नाही. पण देखभालीची सवय असलेल्या या वाचकाला एक फायदा आहे. झीज, ताण, गंज ही त्याची रोजची भाषा आहे. ती त्याने खेळण्याला लावली की पुरे.

'खेळणं' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण या छंदाचं मूळ तिथेच आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात १९४६ साली लाकडाचा व्यापार म्हणून सुरू झालेल्या तामिया कंपनीने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मोटरवर चालणारा जर्मन पँथर रणगाडा बाजारात आणला. त्याचं एकास पस्तीस हे प्रमाण कुठल्या शास्त्रातून आलेलं नव्हतं. आत मोटर, गिअर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, या गरजेतून ते ठरलं, आणि पुढे जगभरच्या लष्करी मॉडेलांचं तेच ठरलेलं माप झालं. १९७४ साली तामियाने एकास सोळा प्रमाणाचा शर्मन रणगाडा काढला. रेडिओवर चालणारं त्यांचं ते पहिलं मॉडेल. रेडिओवर चालणाऱ्या ज्या मोटारींसाठी ही कंपनी ओळखली जाते, त्या नंतरच्या. पुढे चीनमधल्या हेंग लाँगसारख्या उत्पादकांनी त्याच प्रमाणातले रणगाडे तयार अवस्थेत आणि पुष्कळ कमी किमतीत विकायला सुरुवात केली. ताइगेन, माटो अशांनी त्यांना बसतील असे धातूचे ट्रॅक, गिअरबॉक्स, चाकं पुरवली. आज आपल्यापैकी बहुतेकांच्या हातात असतं ते असं मिश्र यंत्र. सांगाडा एकाचा, ट्रॅक दुसऱ्याचे, इलेक्ट्रॉनिक बोर्ड तिसऱ्याचा. टिकाऊपणाचा प्रश्न या मिश्रणातूनच सुरू होतो.

धातूचा भाग प्लास्टिकच्या भागापेक्षा टिकाऊ असतो, ही या छंदातली सर्वांत लोकप्रिय समजूत आहे. सुटा हातात धरलेल्या भागापुरती ती खरीही आहे. पण रणगाड्यात कुठलाच भाग सुटा नसतो. प्लास्टिकचे ट्रॅक काढून जस्ताच्या मिश्रधातूचे ट्रॅक घातले की वजन वाढतं. ते वजन आता प्लास्टिकच्या दातेरी चाकाला ओढावं लागतं, आणि त्याचे दात कुरतडले जातात. म्हणून चाकही धातूचं घालावं, तर धक्का पुढे गिअरबॉक्सकडे सरकतो. तिथले पितळी किंवा प्लास्टिकचे गिअर दात टाकतात. गिअरही पोलादी केले की मोटरच्या शाफ्टवरचा लहान पिनियन घसरू लागतो, नाही तर मोटर अडकून विजेचा प्रवाह अनेक पटींनी वाढतो आणि बोर्डवरचे ट्रान्झिस्टर जळतात. खर्च प्रत्येक पायरीवर वाढत गेला आणि शेवटी जो भाग गेला तो सगळ्यात महाग आणि सगळ्यात दुर्मीळ होता.

यातून या पुस्तिकेचं मुख्य म्हणणं निघतं. टिकाऊपणा हा एकट्या भागाचा गुण नाही, तो शेजारच्या भागाशी असलेल्या नात्याचा गुण आहे. आणि चालत्या यंत्रात काहीतरी झिजणारच असल्यामुळे, काय झिजावं आणि काय मोडावं हे आपण आधी ठरवायचं असतं. मोडणारा भाग स्वस्त असावा, चार स्क्रू काढून हाती लागावा आणि त्याची दुसरी प्रत घरात असावी. एवढं जमलं की तो रणगाडा टिकाऊ म्हणायचा, मग त्यात प्लास्टिक कितीही असो.

हा विचार माझा नाही. खऱ्या रणगाड्यांच्या रचनेत तो पूर्वीपासून आहे, आणि त्याची एक मोठी परीक्षा याच देशात झाली. १९९०-९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेच्या सातव्या कोअरचे रणगाडे जर्मनीहून जहाजांनी जुबैल आणि दम्मामच्या बंदरांत उतरले. युरोपच्या हिरव्या, ओल्या मैदानांसाठी तयार केलेली ती यंत्रं सौदीच्या वाळूत आली तेव्हा सर्वांत आधी त्रास झाला तो हवेच्या गाळण्यांचा. एम-१ अब्राम्सच्या १५०० अश्वशक्तीच्या टर्बाइन इंजिनाला प्रचंड हवा लागते. त्या हवेबरोबर येणारी बारीक धूळ गाळण्यांत साचत होती, आणि जवानांना त्या पुन्हा पुन्हा काढून झटकाव्या लागत होत्या. अमेरिकी काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने १९९२ मध्ये या कामगिरीचा आढावा घेतला. त्यात अब्राम्सची उपलब्धता ९० टक्क्यांहून अधिक राहिल्याची नोंद आहे. सोबत गाळण्यांच्या सततच्या साफसफाईची, इंधनाच्या वापराची आणि सुटे भाग तुकड्यांपर्यंत वेळेत पोचवण्यातल्या अडचणींचीही आहे. रणगाडा चालत राहिला, कारण झिजणारे आणि तुंबणारे भाग जवानाच्या हाताला येतील अशा जागी ठेवलेले होते. पुढे सौदी लष्करानेही १९९० च्या दशकात ३१५ एम१ए२ रणगाडे घेतले. हेंग लाँगचं एम१ए२ आपल्याकडच्या घरांत इतकं दिसतं याचं एक कारण हे सान्निध्यही असावं.

त्याच अब्राम्सचं दातेरी चाक जवळून पाहिलं तर दात असलेलं कडं मुख्य चाकाला बोल्टने जोडलेलं दिसतं. दात झिजले की फक्त कडं बदलायचं, चाक तसंच ठेवायचं. ट्रॅकवरचे रबरी ठोकळेही वेगळे काढता येतात. म्हणजे साठ टनांहून जड यंत्र आखणाऱ्यांनीही 'हे झिजेल' असं गृहीत धरूनच ते आखलं. त्याआधीचं उदाहरण जर्मन टायगरचं आहे. उत्तर आफ्रिकेसाठी पाठवलेल्या टायगरच्या मागच्या बाजूला धूळ गाळणाऱ्या फाइफेल यंत्रणेचे डबे आणि जाड नळ्या बसवलेल्या असत. एप्रिल १९४३ मध्ये ट्युनिशियात ब्रिटिशांच्या हाती लागलेला टायगर १३१ आज इंग्लंडमधल्या बॉव्हिंग्टनच्या संग्रहालयात आहे. आपल्या मॉडेलवर त्या नळ्या शोभेसाठी चिकटवलेल्या असतात. गंमत अशी की वाळू अडवण्यासाठी जन्मलेल्या भागाची हुबेहूब नक्कल आपण करतो, पण वाळू अडवायची सोय त्याच मॉडेलमध्ये नसते.

मराठी वाचकाला खरं यंत्र पाहायचं तर फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगरला, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरला, आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचं रणगाडा संग्रहालय आहे. फेब्रुवारी १९९४ मध्ये ते सुरू झालं. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, शर्मन, सेंच्युरियन, विजयंता आणि १९६५ च्या युद्धात हाती लागलेला पॅटन असे रणगाडे तिथे एकाच आवारात उभे आहेत. सुटीवर गेलात तर मुलांना तिथे न्या, आणि तोफा पाहून झाल्या की ट्रॅकजवळ खाली बसा. कुठल्या रणगाड्यात कडी पिनने जोडलेली आहे, ताण देणारं पुढचं किंवा मागचं चाक कसं सरकतं, आतले स्प्रिंग कुठे दिसतात, हे पाहिल्यावर मॉडेलच्या पाकिटावरची अर्धी माहिती वाचावी लागत नाही.

खऱ्या यंत्राकडून शिकताना एक सावधगिरी मात्र हवी. आकार लहान झाला की सगळं सारख्या प्रमाणात लहान होत नाही. एम१ए२ चं वजन सुमारे ६२ टन. लांबी सोळा पट कमी झाली तर वजन सोळाच्या घनाने, म्हणजे ४०९६ पटींनी कमी व्हायला हवं. हिशेबाने मॉडेल १५ किलोचं असायला हवं. प्रत्यक्षात प्लास्टिकचं तयार मॉडेल तीन-चार किलोचं असतं. म्हणून ते हलकं उड्या मारतं, आणि म्हणून 'खऱ्यासारखी चाल' हवी असणारे धातू घालत सुटतात. चालीचं ते आकर्षण मलाही आहे. पण वजनाचा प्रत्येक किलो कुठल्या तरी पिनला, चाक पेलणाऱ्या कुठल्या तरी स्विंग आर्मला आणि कुठल्या तरी स्प्रिंगला उचलावा लागतो, हे विसरून चालत नाही. धातूचे ट्रॅक आणि चाकं घालूनही मूळचे मऊ स्प्रिंग तसेच ठेवले तर रणगाडा पोटावर बसतो आणि दगडावर घासतो. शिवाय ताण देणाऱ्या चाकाची प्लास्टिकची पकड जड ट्रॅकने वाकते, ट्रॅक सैल पडतो आणि पहिल्याच वळणावर उतरतो. पुस्तिकेत भाग बदलण्याचा जो क्रम दिला आहे तो म्हणून आतून बाहेर जातो. आधी गिअरबॉक्सचा आधार आणि ताणचाकाची पकड, मग गिअरबॉक्स, मग दातेरी चाक आणि ताणचाक, मग स्प्रिंग आणि स्विंग आर्म, आणि सगळ्यात शेवटी ट्रॅक. दुकानात मात्र मांडणी नेमकी उलटी असते, कारण चमकतात ते ट्रॅक.

आता वाळूकडे. वाळवंटातल्या वाळूत क्वार्ट्‌झ भरपूर असतं आणि खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर त्याचा क्रमांक सात आहे. पितळ आणि जस्ताचा मिश्रधातू त्याच्या पुष्कळ खाली येतात. साधं पोलादही त्याच्या खालीच राहतं. कडक केलेलं पोलादच काय ते त्याच्या बरोबरीने उभं राहतं. रियाधच्या बाहेर लाल वाळूच्या टेकड्यांवर जाणाऱ्यांनी किंवा धहरानजवळच्या हाफ मून बेच्या पुळणीवर खेळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं की उघड्या गिअरबॉक्समध्ये ग्रीस भरून आपण वाळूला घट्ट धरून ठेवण्याची सोय करतो. ग्रीस अधिक वाळू म्हणजे व्हॉल्व घासायची पेस्ट. त्यामुळे नियम सोपा आहे. बंद गिअरबॉक्समध्ये ग्रीस, उघड्या ट्रॅकच्या पिनांना आणि दातांना काहीही नाही, फार तर सुकं वंगण. पिन कोरडी चालली की थोडी किरकिरते, पण वाळू झडून जाते.

बेअरिंगांबाबत बरीच हौस दिसते. प्रत्येक चाकात दोन-दोन बेअरिंग घातलेली मॉडेलं मी पाहिली आहेत. वाळूत ती फार दिवस फिरत नाहीत. दोन्ही बाजूंना पत्र्याची झाकणं असलेलं बेअरिंग बारीक धूळ अडवू शकत नाही, कारण झाकण आणि कडं यांत फट असते. रबरी सीलचं बेअरिंग धूळ अडवतं, पण फिरायला जड असतं. खाली जमिनीला लागून फिरणाऱ्या चाकांना साधा, कोरडा, अॅसिटल प्लास्टिकचा बुश अनेकदा अधिक काळ पुरतो. तो झिजला तर दुसरा घालता येतो आणि पिनही वाचते. बेअरिंग हवीत ती गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टला आणि ताणचाकाला. तिथे रबरी सीलचीच घ्यावीत. अशा मापाची बेअरिंग इथल्या औद्योगिक वस्तीत, म्हणजे आपण सगळे जिला 'सनाइया' म्हणतो तिथे, सुट्या नगाने मिळू शकतात. मॉडेलच्या दुकानातून मागवायची गरज नसते. मापाचा आकडा बेअरिंगवरच कोरलेला असतो. तो वहीत लिहून ठेवा.

गाडीच्या पोटातल्या फटींचं काय? स्विंग आर्मच्या खाचा, स्पीकरची जाळी, चार्जिंगचं भोक, टरेटखालची गोल फट, या सगळ्यांतून वाळू आत जाते. सगळं बंद करावं तर मोटर तापते. बाहेर ४५ अंश असताना बंद डब्यात फिरणाऱ्या मोटरला थंड व्हायला जागाच नसते. यावर पुस्तिकेत सुचवलेला मार्ग असा की डबा उघडा ठेवावा आणि आतला गिअरबॉक्स मात्र पातळ झाकणाने पूर्ण बंद करावा. खालच्या खाचांवर मऊ फोम लावावा आणि मागच्या बाजूच्या वरच्या जाळीतून गरम हवा बाहेर जाऊ द्यावी. पंधरा-वीस मिनिटं चालवून तेवढीच विश्रांती द्यावी. सूर्य कलल्यावर बाहेर पडणं हे इथे माणसांना जसं सोयीचं, तसं यंत्रालाही. शिवाय मॉडेलांत इन्फ्रारेड किरणांच्या 'गोळ्या' झाडून लढाई खेळणाऱ्यांना भर उन्हात सेन्सर नीट साथ देत नाहीत, संध्याकाळी देतात.

उन्हाचा दुसरा परिणाम अधिक गुपचूप असतो. अलीकडे घरच्या थ्रीडी प्रिंटरवर भाग छापून घेण्याची सोय झाली आहे आणि ती फार उपयोगी आहे. पण स्वस्त म्हणून वापरला जाणारा पीएलए हा प्लास्टिकचा प्रकार साधारण ६० अंशांना मऊ पडू लागतो. दुपारी उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत एवढं तापमान गाठायला वेळ लागत नाही. मॉलमधून परत येईतो ताणचाकाची पकड वाकलेली असते, आणि दोष ट्रॅकला दिला जातो. पीईटीजी साधारण ८० अंशांपर्यंत तग धरतो, एबीएस आणि एएसए शंभराच्या आसपास. त्यांतला एएसए उन्हातल्या अतिनील किरणांनाही दाद देत नाही. नायलॉन चिवट असतो, पण हवेतलं पाणी शोषून किंचित फुगतो. रियाधच्या कोरड्या हवेत हे चालून जातं, जुबैलमध्ये बुश शाफ्टला आवळतो. तेव्हा पदार्थ निवडताना आपलं शहरही विचारात घ्यावं लागतं.

पूर्वेच्या किनाऱ्यावरचा दमटपणा हा तर स्वतंत्र विषय आहे. ८ जुलै २००३ रोजी धहरानला ३५ अंश सेल्सिअस दवबिंदूची नोंद झाली. जगातल्या सर्वोच्च नोंदींत ती गणली जाते. रोज तसं नसतं, पण ऑगस्टमध्ये खोबरच्या किनाऱ्यावर चष्मा लावून घराबाहेर पडणाऱ्याला दवबिंदू म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. एसीच्या खोलीत २४ अंशांवर असलेला धातूचा रणगाडा तसाच बाहेर काढला की त्याच्या अंगावर, आणि आत बोर्डवरही, क्षणात पाणी धरतं. हा ओलावा खारट धुळीत मिसळला की पुढे गंजाचं काम चालू होतं. उपाय फुकटचा आहे. मॉडेल बंद पेटीतच बाहेर न्यायचं, पेटी बाहेरच्या हवेइतकी कोमट होऊ द्यायची आणि मगच झाकण उघडायचं.

खारट हवेत दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की त्यांतला दुबळा खाल्ला जातो. जस्ताच्या कडीत पोलादी पिन ही अशीच जोडी. जस्त पांढरी भुकटी होऊन झडतं, भोक लांबुडकं होतं आणि ट्रॅक लांबतो. मग तो दातावरून टकटक उड्या मारू लागतो. खाऱ्या सपाट जमिनीवर, जिला इथे 'सबखा' म्हणतात, मॉडेल नेलं असेल तर घरी येताच ट्रॅक काढून गोड्या पाण्यात विसळावेत आणि पूर्ण सुकवावेत. एक कडी कमी करून ट्रॅक पुन्हा मापात येतो. दोन कड्या काढायची वेळ आली की पिना बदलायच्या. पिन हा इथला ठरवून झिजू द्यायचा भाग आहे, म्हणून ती कडीपेक्षा मऊ असली तरी चालते. उलट पिन कडक आणि कडी मऊ अशी जोडी घेतली तर झीज महागड्या कडीकडे जाते.

स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आटे पकडणारं द्रव वापरण्याची आपल्याला कारखान्यातून सवय असते. धातूत धातू असेल तर जरूर वापरा. एबीएस प्लास्टिकवर मात्र ते लागलं की प्लास्टिकला बारीक तडे जातात आणि काही दिवसांनी स्क्रू बसायचा प्लास्टिकचा खांबच (बॉस) स्क्रूसकट तुटून येतो. प्लास्टिकमध्ये आटे गेले तर मोठा स्क्रू घुसवू नये, पितळी आटेदार बुश बसवावा. या दोन ओळींसाठी एक अख्खं प्रकरण दिलं आहे, कारण मराठी घरांत फेव्हिक्विकवर असलेला विश्वास मी जाणतो.

बॅटरीचं प्रकरण छोटं आहे, पण वगळू नका. लिथियम-आयन बॅटरी साधारणपणे ४५ अंशांच्या वर चार्ज करायची नसते आणि उन्हातल्या मोटारीत तर कधीच ठेवायची नसते. मुंबईहून येताना किंवा जाताना सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन सामानात टाकता येत नाहीत. त्या हातातल्या सामानात, टोकं झाकून न्याव्या लागतात. ७.४ व्होल्ट आणि ५ अँपिअर-तासांची आपली नेहमीची बॅटरी ३७ वॉट-तासांची होते, म्हणजे १०० वॉट-तासांच्या नेहमीच्या मर्यादेत आरामात बसते. एप्रिल २०१६ पासून सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानांतून माल म्हणून पाठवायला बंदी आहे. त्यामुळे परदेशातून मागवलेल्या पार्सलात गिअरबॉक्स येतो, बॅटरी मागे राहते. बॅटरी इथेच घ्यावी, हे बरं.

खेळायच्या पद्धतीबद्दल आणि जागेबद्दल दोन शब्द. प्लास्टिकच्या गोळ्या झाडणारी यंत्रणा असलेलं मॉडेल घेण्याऐवजी इन्फ्रारेडवर खेळणारं घ्यावं. मुलांच्या डोळ्यांना धोका नाही, सीमाशुल्क खात्याला समजावत बसावं लागत नाही, आणि गोळ्या ढकलणारा नाजूक गिअर हा मोडणाऱ्या भागांच्या यादीतून कमी होतो. प्रकल्पांच्या कुंपणाजवळ किंवा लष्करी हद्दीजवळ रणगाडा काढायचा नाही, कॅमेरा लावलेला तर नाहीच.

पुस्तिकेत रंगकाम नाही, गंजाचे डाग आणि चिखलाचे ओघळ रंगवण्याच्या युक्त्या नाहीत. त्यावर चांगलं साहित्य भरपूर आहे. कुठल्या ब्रँडचा कुठला भाग सर्वोत्तम, अशी यादीही नाही. भाग बदलतात, दुकानं बंद पडतात, आकडे बदलतात. त्याऐवजी प्रत्येक प्रकरणात एकच तक्ता आहे. डावीकडे भाग, मग तो ज्याला टेकतो तो शेजारचा भाग, मग दोघांपैकी आधी कोणी झिजावं, आणि शेवटी त्याची पर्यायी प्रत कुठे मिळेल. या तक्त्यातला चौथा रकाना भरता येत नसेल तर तो भाग कितीही मजबूत असला तरी घेऊ नका. रियाधच्या बथा बाजारात, दम्मामच्या सनाइयात किंवा पुढच्या सुटीत पुण्याच्या बुधवार पेठेत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जे मिळणार आहे, त्यावरच आपला रणगाडा चालायचा आहे. भारतात राहणाऱ्या वाचकांना हा रकाना अधिकच गरजेचा वाटेल. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. परदेशी मॉडेलचा एखादा गिअर तिथे पोचेपर्यंत त्याची किंमत मोटरची होते.

हस्तलिखित वाचून खुणा करून देणाऱ्या मित्रांचे, आणि जेवणाच्या टेबलावर कायम एक उघडा गिअरबॉक्स सहन करणाऱ्या घरच्यांचे आभार. मित्रांपैकी काहींनी माझ्याशी जोरात वाद घातले. विशेषतः सगळं धातूचंच असावं असं मानणाऱ्यांनी. त्यांचे मुद्दे त्या त्या प्रकरणात आले आहेत. ते पटले नाहीत तरी त्यांच्यामुळे माझं लेखन नेमकं झालं.

पुस्तिका कशी वाचावी? मॉडेल नवं असेल तर क्रमाने. आधीच खरखरत असेल तर थेट गिअरबॉक्सकडे जा, पण त्याआधी पहिलं प्रकरण वाचा. ते धातूच्या ट्रॅकबद्दल असेल अशी अपेक्षा असणाऱ्यांची थोडी निराशा होईल. ते फ्यूजबद्दल आहे. बॅटरीच्या तारेत बसणारा, दुकानात चिल्लर देऊन मिळणारा भाग. ट्रॅकमध्ये खडा अडकून मोटर थांबली की तो जळतो आणि बोर्ड वाचतो. या पुस्तिकेतला सर्वांत टिकाऊ रणगाडा कुठला असं कोणी विचारलंच तर मी फ्यूज बसवलेला, आणि दुसरा फ्यूज खिशात असलेल्या माणसाच्या हातातला रणगाडा दाखवेन.

अल खोबर, सौदी अरेबिया